पाचदा वाचलेलं पेपरात का आठवत नाही?

नववीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती रोज चार-पाच तास अभ्यासाला बसते, प्रत्येक धडा चार-पाच वेळा वाचते, महत्त्वाच्या ओळी रंगवते. वाचताना सगळं समजतं, पण पेपर हातात आला की डोकं कोरं होतं. वार्षिक परीक्षेला सहा आठवडे उरले आहेत. अभ्यास नेमका करायचा कसा, आणि रात्री जागून करावा की पहाटे उठून, असं तिने विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते आहे, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी डोळ्यांत पाणी आणून विचारतं. म्हणून आधी एक गोष्ट सांगते. तू आळशी नाहीस, आणि तुझी स्मरणशक्तीही कमी नाही. रोज चार तास बसणाऱ्या मुलीला ‘अजून मेहनत कर’ म्हणणं हा अन्याय आहे. तुझ्या मेहनतीतला मोठा भाग अशा कामात जातो आहे ज्याचा पेपरात उपयोग होत नाही. तेवढी दिशा बदलली तर कदाचित तासही कमी लागतील.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी अगदी तुझ्यासारखीच तक्रार घेऊन आली होती. मी तिला रक्ताभिसरणाचा धडा उघडायला सांगितला. पान रंगांनी भरलेलं होतं. तिने तो माझ्यासमोर पुन्हा एकदा वाचला, मान डोलावली, म्हणाली, ‘हे येतं मला.’ मग मी पुस्तक मिटलं, एक कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, ‘रक्ताचा एक थेंब धर. तो पायाच्या अंगठ्यातून निघाला. परत अंगठ्यात पोहोचेपर्यंत कुठून कुठून जातो ते काढून दाखव.’

तिने हृदयाचे चार कप्पे भराभर काढले. थेंब उजव्या अलिंदात आला, तिथून उजव्या निलयात गेला. इथपर्यंत ठीक. मग पेन्सिल हवेतच थांबली. बऱ्याच वेळाने तिने उजव्या निलयातून थेट डाव्या बाजूला बाण काढला, मधल्या पडद्यातून आरपार. काढल्यावर तिलाच काहीतरी खटकलं. ‘मग फुप्फुसं कुठे गेली?’ असं स्वतःशीच म्हणत तिने बाण खोडला, फुप्फुसं काढली, आणि हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या नळीवर लिहिलं ‘शीर’. मी विचारलं, शीर का? तर म्हणाली, ‘यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त आहे ना, म्हणून.’

पुस्तक उघडलं. ‘फुप्फुस धमनी’ हे शब्द तिथे होते आणि तिनेच ते पिवळ्या रंगाने रंगवले होते. किमान पाच वेळा ती ओळ तिच्या डोळ्यांखालून गेली होती. पण धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी आणि शीर म्हणजे हृदयाकडे आणणारी, आत कसलं रक्त आहे यावर ते नाव ठरत नाही, हे तिला त्या दिवशी, तो बाण अडल्यावर कळलं. पुढे ती ते कधीच चुकली नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या प्रसंगात आहे. ओळखीचं वाटणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीवर मागे बसून पन्नास वेळा गेलेला रस्ता आपल्याला ‘माहीत’ असतो, पण एकटीने जायची वेळ आली की पहिल्याच चौकात डावीकडे की उजवीकडे ते आठवत नाही. धडा पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे मागे बसून जाणं. पुस्तक समोर असतं, पुढची ओळ तेच सांगतं, आपण फक्त ‘हो, हो, हेच’ म्हणत राहतो. पेपरात मात्र पुस्तक नसतं. तिथे जे करायचं आहे, म्हणजे काहीही समोर नसताना डोक्यातून बाहेर काढणं, त्याचा सराव तू घरी एकदाही केलेला नसतोस. मग पेपरात ते पहिल्यांदाच करताना डोकं कोरं झालं तर त्यात नवल नाही.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले, एक सूर्याबद्दलचा, एक समुद्री ऑटर या प्राण्याबद्दलचा. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यातलं ८१ टक्के आठवलं आणि लिहून काढलेल्यातलं ७५ टक्के. म्हणजे वाचणं सरस ठरलं. पण ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली त्यांच्या बाबतीत चित्र उलटलं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्केच उरलं होतं, लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के.

यातला पहिला आकडा नीट बघ. लगेच विचारलं तर वाचणाराच पुढे असतो. म्हणून तर रात्री पुस्तक मिटताना तुला ‘झालं, आलं’ असं मनापासून वाटतं. ते खोटं नसतं. त्या क्षणी ते खरंच आलेलं असतं, फक्त ते टिकत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. एक भाग वाच. अख्खा धडा नको, दोन-तीन पानं. घाई करू नकोस, समजून वाच. मग पुस्तक मिट, नजरेआड ठेव आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. सुंदर अक्षर नको, पूर्ण वाक्यं नकोत. शब्द, बाण, आकृती, काहीही चालेल. अडलीस की लगेच पुस्तक उघडू नकोस. मिनिट-दोन मिनिटं तशीच अडून बस. आधी काय होतं, नंतर काय होतं, पानावर चित्र कुठे होतं, असं आजूबाजूने चाचपडून बघ. अगदीच येईना, मग पुस्तक उघड आणि जे राहिलं, जे चुकलं, ते वेगळ्या शाईने त्याच कागदावर भर. मी मुलांना लाल पेन वापरायला सांगते. लाल रंगातलं जे काही आहे तो तुझा उद्याचा अभ्यास. बाकीचं तुला येतं, त्यावर वेळ घालवू नकोस.

पहिले काही दिवस हे फार जड जाईल. कागद लालच लाल होईल आणि ‘आपल्याला काहीच येत नाही’ असं वाटून रडू येईल. बरीच मुलं इथेच सोडून देतात आणि पुन्हा वाचनाकडे वळतात, कारण वाचताना छान वाटतं. माझी कळकळीची विनंती आहे, चार दिवस धीर धर. अडणं, चाचपडणं, आठवायला जोर लावावा लागणं, यातूनच ते पक्कं होतं. रॉबर्ट ब्योर्क नावाच्या संशोधकाने अशा अडथळ्यांना ‘हव्याशा अडचणी’ असं नाव दिलं आहे. मला ते फार आवडतं. अभ्यास करताना जे सोपं वाटतं ते टिकेलच असं नाही, आणि जे अवघड गेलं ते वाया गेलं असंही नाही.

मात्र एक अट आहे. मुळात समजलंच नसेल तर कोऱ्या कागदाचा उपयोग नाही. न समजलेलं आठवून लिहिणं म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, आणि प्रश्न जरा फिरवून आला की ती कोसळते. वाचताना दर परिच्छेदाला स्वतःला ‘असं का?’ विचार. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का? कारण उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचं आहे आणि डाव्याला सगळ्या शरीरभर. हे ‘का’ कळलं की जाड भिंत कुठली ते पाठ करावं लागत नाही. उत्तर सापडलं नाही तर शिक्षकांना विचार. न विचारता पुढे गेलेला एक प्रश्न पुढच्या तीन धड्यांत आडवा येतो, हे मी बघत आले आहे.

दुसरी गोष्ट विसरण्याबद्दल. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. तो निरर्थक अक्षरांच्या लांबलचक याद्या पाठ करायचा आणि काही वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचा. तासाभराने ४४ टक्के वेळ वाचायचा, एका दिवसाने ३४ टक्के, ३१ दिवसांनी २१ टक्के. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगाने विसरला जात नाही, पण उताराचा आकार तोच असतो. सुरुवातीला झपाट्याने घसरण, मग हळूहळू. मुलांना हे दाखवलं की ती फक्त घसरण बघतात. मी त्यांना शेवटचा आकडा दाखवते. महिन्याने काहीच आठवत नाही असं वाटत असतानाही पाचवा हिस्सा मेहनत वाचत होती, तीही निरर्थक अक्षरांसाठी. जूनमध्ये शिकलेला धडा आज पूर्ण गेल्यासारखा वाटला तरी तो दुसऱ्यांदा शिकायला पहिल्याइतका वेळ लागणार नाही.

यातून निघणारा नियम साधा आहे. एका धड्याला एकाच दिवशी तीन तास देण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या दिवशी एक-एक तास दे. आज केलेला कागद उद्या पुन्हा न बघता कर, मग चार-पाच दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी थोडं विसरलेलं असेल. ते तसंच असायला हवं. थोडं विसरल्यावर जोर लावून आठवलेलं अधिक टिकतं. दुसऱ्या खेपेला तासाचं काम वीस मिनिटांत होतं आणि तिसऱ्या खेपेला दहा मिनिटांत, हे तुला स्वतःलाच दिसेल.

गणिताबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तिथे होणारी फसवणूक सगळ्यात मोठी असते. आपण सराव कसा करतो? एक प्रकरण घेतो, त्यातला सरावसंच सोडवतो, सगळी गणितं बरोबर येतात, खूश होतो. आता ही दोन गणितं बघ. लहान वर्गातली आहेत, मुद्दाम घेतली आहेत.

४८ मीटर आणि ६० मीटर लांबीच्या दोन दोऱ्या आहेत. दोन्हींचे सारख्या लांबीचे तुकडे करायचे आहेत, काही उरता कामा नये. तुकडा जास्तीत जास्त किती लांब असेल?

एक घंटा दर ४८ मिनिटांनी वाजते, दुसरी दर ६० मिनिटांनी. आत्ता दोन्ही एकत्र वाजल्या. पुन्हा एकत्र कधी वाजतील?

आकडे तेच आहेत. पहिल्यात मसावि काढायचा, उत्तर १२ मीटर. दुसऱ्यात लसावि, उत्तर २४० मिनिटं, म्हणजे चार तासांनी. मसाविच्या प्रकरणाखाली पहिल्यासारखी दहा गणितं ओळीने सोडवली तर मसावि काढायची क्रिया पक्की होते. पण ‘इथे मसावि हवा की लसावि’ हे ठरवायचा सराव एकदाही होत नाही, कारण ते प्रकरणाच्या नावानेच सांगून टाकलेलं असतं. पेपरात प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं. तिथे पहिलं आणि खरं काम ठरवण्याचंच असतं. ‘मॅडम, उत्तर बघितलं की कळतं, पण सुरुवात सुचत नाही’ असं मुलं म्हणतात ती याचमुळे.

यावरही प्रयोग झाले आहेत. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका प्रकारची गणितं सलग केली, काहींनी चारही प्रकार मिसळून. सराव चालू असताना सलग करणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर येत होती आणि मिसळून करणाऱ्यांची फक्त ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. हा फरक पहिल्यांदा वाचला तेव्हा मी माझ्या गृहपाठाची पद्धतच बदलली. त्याआधी मी वर्षानुवर्षं एका प्रकरणाची वीस-वीस गणितं सलग देत होते, आणि मुलं घरी बरोबर सोडवून आणतात तरी परीक्षेत का चुकतात म्हणून त्यांच्यावरच रागवत होते. त्या मुलांचं मला आजही वाईट वाटतं.

तर तू असं कर. नवीन प्रकार शिकताना सुरुवातीची चार-पाच गणितं सलग कर, ती लागतातच. त्यानंतर रोज वेगवेगळ्या प्रकरणांतली सहा-सात गणितं चिठ्ठ्या टाकून निवड. प्रत्येक गणिताच्या आधी एका ओळीत लिही, इथे कोणती पद्धत आणि का. वेळ कमी असेल तर पंधरा गणितांची फक्त ही एक ओळ लिही, सोडवू नकोस. तोही उत्तम सराव आहे. आणि सोडवलेलं उदाहरण वाचून ‘कळलं’ म्हणत पुढे जाऊ नकोस. उत्तर झाकून स्वतः सोडव, मग ताडून बघ.

याच्या जोडीला चुकांची एक वही कर. पाठच्या वर्षी सुरू केलेल्या वहीची कोरी पानं असतील तरी चालतील. चुकलेला प्रत्येक प्रश्न तिथे उतरव आणि शेजारी चूक कुठल्या जातीची होती ते लिही. समजलंच नव्हतं, समजलं होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की आकडेमोड चुकली. या चारही चुकांवर एकच औषध नाही. समजलं नसेल तर शिक्षकांकडे जायचं, आठवलं नसेल तर कोरा कागद, प्रश्न वाचायला चुकत असेल तर काय विचारलंय त्याखाली रेघ मारायची सवय, आणि आकडेमोडीसाठी प्रत्येक पायरी स्वतंत्र ओळीवर. ‘माझ्या मूर्खासारख्या चुका होतात’ असं म्हणणाऱ्या मुलांच्या वह्या मी उघडून बघते तेव्हा बहुतेक वेळा तीच एक चूक दहा ठिकाणी सापडते. वजाबाकीचं चिन्ह कंसात नेताना हरवणं, हे त्यातलं सर्वांत नेहमीचं. एकदा नाव कळलं की ती चूक दोन आठवड्यांत जाते.

पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. सूत्रं, व्याख्या, सनावळ्या, रासायनिक संज्ञा, कविता ही पाठच हवीत. सूत्र आठवायलाच तीन मिनिटं गेली तर गणिताला डोकं उरत नाही. फक्त पाठ करतानाही तोच न्याय लाव. यादी दहा वेळा वाचण्याऐवजी छोटी कार्डं कर, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली यासाठी खोक्यांची एक युक्ती मांडली, ती अजूनही तितकीच कामाची आहे. सगळी कार्डं पहिल्या खोक्यात ठेवायची. उत्तर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिलं खोकं रोज बघायचं, दुसरं दोन-तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. त्यामुळे वेळ आपोआप अवघड कार्डांवर जातो. कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हण किंवा लिही. मनातल्या मनात ‘हां, माहितीये’ म्हणून उलटलंस तर पुन्हा वाचनच झालं.

रंगवण्याबद्दल तू वाईट वाटून घेऊ नकोस. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराने अभ्यास करणं या दोघांचीच उपयुक्तता त्यांनी ‘उच्च’ ठरवली. ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं ‘कमी’च्या यादीत गेलं. रंगवायचंच असेल तर कोऱ्या कागदाची फेरी झाल्यावर, जे आठवलं नाही तेवढंच रंगव.

आता तुझे सहा आठवडे. पहिले चार दिवस नवीन काही वाचू नकोस. सगळ्या विषयांच्या सगळ्या धड्यांची नावं एका मोठ्या कागदावर लिही आणि प्रत्येक धड्याला पाच-सात मिनिटं देऊन न बघता काय आठवतं ते बघ. धड्यापुढे खूण कर: येतं, अर्धवट, येत नाही. हा नकाशा हातात आला की अर्धी भीती जाते, कारण ‘सगळंच राहिलंय’ हे खरं नसतं. बहुधा तिसरा हिस्सा येत असतो, तिसरा अर्धवट असतो.

पुढचे साडेतीन आठवडे ‘अर्धवट’वाल्यांपासून सुरुवात कर. तिथे कमी वेळात जास्त हाती लागतं आणि धीर येतो. ‘येत नाही’वाले रोज एक, डोकं ताजं असताना. एका दिवसात दोन-तीन विषय घे. प्रत्येक बैठक चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची, मग उठून पाय मोकळे कर. आणि बैठकीची पहिली दहा मिनिटं नेहमी जुन्या धड्याच्या कागदाला. हे सोडू नकोस, सगळी इमारत यावर उभी आहे. फोन दुसऱ्या खोलीत असू दे. टेबलावर पालथा ठेवलेला फोनही दर थोड्या वेळाने आठवत राहतो.

शेवटचे दोन आठवडे पूर्ण प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, एका जागी बसून, मधे न उठता. आठवड्याला तीन पुरेत. पण प्रत्येक तपासायला सोडवण्याइतकाच वेळ दे. दहा प्रश्नपत्रिका सोडवून एकही न तपासणारी मुलं मी पाहिली आहेत, त्या कष्टांचा फारसा उपयोग झाला नाही.

भाषा आणि इतिहासासाठी वेगळं तंत्र नाही. तिथे मुद्दे आठवायचे आणि मग ठरलेल्या वेळात लिहायचे. निबंधाचे मुद्दे पाच मिनिटांत काढायचा सराव केलास तरी बराच फरक पडेल. इतिहासात आधी कारण, मग घटना, मग परिणाम अशी साखळी कागदावर काढ. नुसती सनावळी एकटी टिकत नाही, साखळीत ओवली की टिकते.

तुझ्या आई-बाबांना हे वाचायला दे, कारण पुढचं त्यांच्यासाठी आहे. मुलगी कोऱ्या कागदासमोर पेन धरून गप्प बसलेली दिसली तर ‘वाच की, बसलीस काय’ असं कृपा करून म्हणू नका. त्याच वेळी तिचा खरा अभ्यास चाललेला असतो. ‘किती तास झाले?’ याऐवजी ‘आज लाल पेनाने काय लिहावं लागलं?’ हे विचारा. आणि तिने काही समजावून सांगायला घेतलं तर पाच मिनिटं ऐका. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल, उलट बरंच. माहिती नसलेल्या माणसाला सांगताना तिच्या समजुतीतली भोकं तिला स्वतःलाच दिसतात.

आणि इतकं करूनही पेपरात एखाद्या प्रश्नाशी डोकं कोरं झालं तर? होऊ शकतं. घाबरल्यावर आठवणीला बसते ती खीळ तात्पुरती असते, गोष्ट आत असतेच. तो प्रश्न सोडून येणाऱ्या प्रश्नाकडे जा, दोन उत्तरं लिही, हात चालू होऊ दे. परत आलीस की कच्च्या कामाच्या जागेत त्या धड्यातलं आठवेल ते लिही, एक शब्द, अर्धी आकृती, शेजारची व्याख्या. घरी अडल्यावर तू जे चाचपडत होतीस तेच इथे करायचं आहे. ज्या मुलीने घरी शंभरदा अडून वाट काढली आहे तिला अडण्याची तितकी भीती वाटत नाही, हा या पद्धतीचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

राहिला रात्र की पहाट हा प्रश्न. याचं सरसकट उत्तर नाही. कुणाचं डोकं रात्री चालतं, कुणाचं पहाटे, आणि दोन्ही प्रकारची मुलं चांगले गुण मिळवतात. पण झोप कापून केलेला अभ्यास मात्र कुणालाच मानवत नाही. १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात दिसलं होतं की पाठ केल्यावर झोप घेतली तर ते जागं राहण्यापेक्षा जास्त आठवतं. नंतरच्या संशोधनातही दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं हे वारंवार दिसलं आहे. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तेव्हा आधी झोपेची वेळ ठरव आणि उरलेल्यात अभ्यास बसव. झोपण्यापूर्वीची शेवटची पंधरा मिनिटं कार्डांना दे, नवीन धड्याला नको. परीक्षेच्या आदल्या रात्री तर पुस्तक उघडूच नकोस. फक्त तुझे ते लाल शाईचे कागद घे, चुकांची वही एकदा चाळ, दप्तर भर आणि नेहमीच्या वेळेला झोप.